पिंपळे सौदागर येथील जमिनीची वांटणी व लोकसंख्या

प्रजा वाढली म्हणजे देश दरिद्री होतो, हें विधान आज इतकें रूढ आहे कीं, जुने कौलनामे वाचणारास त्याचें नवल वाटावें. त्या कागदांतील तक्रार नेमकी उलट आहे : माणूस नाहीं म्हणून जमीन पड, आणि जमीन पड म्हणून वसूल नाहीं. गांव बेचिराख झाला कीं सरकार परागंदा रयतेस अभय देऊन परत बोलावी, व पड जमिनीवर सारा एकदम न घेतां वर्षानुवर्षें चढता घेई. यासच इस्तावा म्हणत. इ. स. १८०३-०४ च्या दुष्काळानंतर पुणें प्रांतांत लागवडीस माणूस मिळणें असेंच कठीण झालें होतें.

पुढें काय घडलें, तें एका गांवापुरतें आंकड्यांनीं सांगतां येतें. पुण्यानजीकच्या पिंपळे सौदागर गांवाची डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं केलेली पाहणी १९१७ सालीं प्रसिद्ध झाली. तींत दर खातेदाराची सरासरी जमीन १७७१ सालीं ४० एकर, १८१८ सालीं साडेसतरा एकर व १९१४-१५ सालीं अवघी ७ एकर दिली आहे.

हा संकोच केवळ प्रजावृद्धीच्या माथीं मारणें मला युक्त वाटत नाहीं. पुत्रांस समान दायभाग हा मिताक्षरेचा नियम १७७१ सालींहि होताच. पण तेव्हां धाकट्या भावास पड जमीन उपरी म्हणून वाहतां येई. ती सोय पुढें संपली. शिवाय प्रजा सतत वाढत होती असेंहि नाहीं. १८७६-७८ च्या दुष्काळानें दख्खनची मोठी प्राणहानि झाली. पुढें १९१८ च्या इन्फ्लुएंझाचा समावेश असलेल्या १९११-२१ या दशकांत तर आजच्या भारताच्या सीमांतील लोकसंख्या किंचित् घटली. म्हणून शेतकरी सधन झाला, असें कोण म्हणेल? शेतीबाहेर हातांस पुरेसें काम नव्हतें, हेंच मला मुख्य कारण दिसतें. तेंच पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत आहे. भोंवतीं कारखाने उभे राहिले, वस्ती कितीतरी पटींनीं वाढली, आणि तेथील माणसाची ऐपत आतां कोणी एकरांवर मोजीत नाहीं.

१७७१ चा आंकडा जुन्या कागदांवांचून मिळणें शक्यच नव्हतें. आपणां संग्राहकांचा ओढा मात्र मोहोर उठविलेल्या सनदांकडे असतो (मीहि त्यास अपवाद नव्हतों). खानेसुमारीचे व जमीनझाड्यांचे रुमाल रद्दींत जातात. ज्यांच्या संग्रहीं एकाच गांवचे असे दोन भिन्न सालांचे कागद असतील, त्यांनीं त्यांच्या नकला मंडळाकडे धाडाव्या.