दोऱ्यात ओवलेले मणी

१९७३ साली अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर वुडकॉक यांचा एक शोधनिबंध नियतकालिकाकडून नाकारला गेला. परीक्षकाचा शेरा जहाल होता. गुणसूत्र अशा सूक्ष्म एककांचे बनलेले असेल, तर पेशीशास्त्राची आणि आनुवंशिकीची पाठ्यपुस्तके नव्याने लिहावी लागतील. इतका भाबडा लेख कुठेही छापला जाऊ नये, असा त्याचा आशय होता. पाठ्यपुस्तके खरोखरच नव्याने लिहावी लागली. हा धागा त्याच वळणाविषयी आहे.

प्रश्न जुना होता. माणसाच्या एका पेशीतील डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर भरतो, आणि तो मावतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात. त्याला हिस्टोन नावाची प्रथिने चिकटलेली असतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून माहीत होते. मात्र ही घडी नेमकी कशी घातली जाते, याचे उत्तर १९७० पर्यंत कोणापाशी नव्हते. क्ष-किरणांच्या अभ्यासातून पुढे आलेले प्रचलित मत असे, की डीएनएचा धागा एकसारख्या वेटोळ्यात वळलेला असून हिस्टोन त्यावर लेपासारखे पसरलेले असतात.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तर १९३१ पासून अस्तित्वात होता. मग मणी इतकी वर्षे दिसले का नाहीत? दोष भिंगाचा नव्हता, पूर्वतयारीचा होता. या यंत्रात नमुना निर्वात पोकळीत ठेवावा लागतो, म्हणजे त्यातील पाणी आधी काढावे लागते. पाण्याच्या पृष्ठभागावर पसरवून वाळवलेले गुणसूत्र २० ते ३० नॅनोमीटर जाडीच्या खडबडीत दोरांसारखे दिसे. एर्नेस्ट ड्युप्रॉ यांच्यासारख्या अभ्यासकांनी अशा दोरांची उत्तम छायाचित्रे घेतली. त्या दोरांच्या पोटात काय दडले आहे, ते मात्र त्यांत उमटत नव्हते.

वाट दाखवली ती टेनेसी राज्यातील ओक रिज येथे काम करणाऱ्या ऑस्कर मिलर यांनी. त्यांनी आणि बार्बरा बीटी यांनी १९६९ साली उभयचराच्या अंडपेशीतील केंद्रकद्रव्य जवळजवळ शुद्ध पाण्यात सैल केले आणि कार्यरत जनुकांची थेट छायाचित्रे प्रसिद्ध केली. क्षार काढून घेतले की गुंता आपोआप उलगडतो, ही त्यातली खरी किमया.

त्याच ओक रिजमध्ये एडा आणि डोनाल्ड ओलिन्स हे दांपत्य होते. त्यांनी हीच युक्ती उंदराच्या थायमस ग्रंथीच्या व यकृताच्या आणि कोंबडीच्या लाल रक्तपेशींच्या केंद्रकांवर वापरली. (पक्ष्यांच्या लाल रक्तपेशींत केंद्रक असते, माणसाच्या पक्व लाल रक्तपेशींत नसते, म्हणून कोंबडी.) केंद्रके फुगवायची, फॉर्मॅलिनने स्थिर करायची, अपकेंद्री यंत्राने कार्बनच्या पातळ पापुद्र्यावर बसवायची, जड धातूच्या क्षाराने रंगवायची. पडद्यावर दिसले ते सुमारे ७ नॅनोमीटर व्यासाचे गोलक आणि त्यांना जोडणारा बारीक तंतू: दोऱ्यात ओवलेले मणी. जानेवारी १९७४ मध्ये ‘सायन्स’ने त्यांचा निबंध छापला. वुडकॉक यांनाही स्वतंत्रपणे हेच दिसले होते. दोघांची टिपणे १९७३ च्या एकाच परिषदेच्या सारांशांत आहेत. पण पूर्ण निबंध आधी छापला गेला तो ओलिन्स दांपत्याचा. संदर्भसूचीतील अग्रक्रम काही वेळा एका परीक्षकाच्या मर्जीवर ठरतो, तो असा.

तरीही केवळ छायाचित्रावर कोण विश्वास ठेवणार? मणी ही पाण्याने केलेली मोडतोडही असू शकली असती. निर्णायक आधार मिळाला तो चाचणीनळीतून. ऑस्ट्रेलियात ह्युइश आणि बर्गोइन यांनी १९७३ मध्येच दाखवले होते, की केंद्रकातील एक विकर हा डीएनए ठरावीक अंतरावर कापतो. केंब्रिजमध्ये २७ वर्षांच्या रॉजर कॉर्नबर्ग यांनी मे १९७४ मध्ये हिशेब मांडला: ८ हिस्टोन आणि डीएनएच्या सुमारे २०० जोड्या मिळून एक एकक. लेपाची कल्पना उलटी झाली. हिस्टोन डीएनएवर नव्हे, तर डीएनए हिस्टोनभोवती गुंडाळलेला होता. १९७५ मध्ये स्ट्रासबुर्गच्या पिएर शाँबों यांच्या गटाने त्या मण्याला ‘न्यूक्लिओसोम’ हे नाव दिले.

पुढचा भाग अधिक विचार करायला लावणारा आहे. १९७६ मध्ये जॉन फिंच आणि एरन क्लुग यांनी थोडे मॅग्नेशियम घालून हे मणी पुन्हा गुंडाळताना पाहिले. त्यातून सुमारे ३० नॅनोमीटर जाडीच्या सुबक सर्पिलाची आकृती मांडली गेली आणि ती जगभरच्या पाठ्यपुस्तकांत स्थिरावली. १९८६ साली हायडेलबर्ग येथे झाक द्युबोशे आणि सहकाऱ्यांनी अखंड पेशी न वाळवता, इतक्या झपाट्याने गोठवल्या की पाण्याचे स्फटिकच होऊ नयेत. तशा छेदांतील गुणसूत्रांत त्यांना एकसारखा दाणेदार पोत आढळला. ३० नॅनोमीटरचा दोर दिसला नाही.

या निरीक्षणाकडे बरीच वर्षे फारसे लक्ष गेले नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतील साल्क संस्थेच्या गटाने मानवी पेशींतील डीएनए विशेष रंजनाने उठावदार करून त्रिमितीत पाहिला, तेव्हा ५ ते २४ नॅनोमीटर जाडीच्या वेड्यावाकड्या साखळ्या आढळल्या, कुठे विरळ तर कुठे दाट. त्याच वर्षी द्युबोशे यांना गोठवण्याच्या तंत्रासाठी रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. सर्पिलाची ती सुबक आकृती अजूनही अनेक पुस्तकांत छापली जाते.