सागाच्या ओंडक्याची फळी



इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल येथें ‘त्रिंकोमाली’ नांवाची एक जुनी लढाऊ नौका आजही पाहावयास मिळते. ती १८१७ सालीं मुंबईच्या गोदींत बांधली गेली. तिचे शिल्पकार जमशेटजी बमनजी वाडिया यांचें नांव इतिहासानें जपून ठेविलें आहे. परंतु तिच्यासाठीं सागाचे अजस्र ओंडके ज्यांनीं हातांनीं चिरले, त्या करवत्यांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत. निदान त्यांच्या कामाची तरी आज ओळख करून घेऊं.

लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्यें सुरतेहून मुंबईस आले आणि १७५० च्या सुमारास येथें सुकी गोदी तयार झाली. पुढें युरोपांतील युद्धांमुळें इंग्लंडांत ओक लांकडाची टंचाई पडली व ब्रिटिश आरमाराची दृष्टि मलबारच्या सागाकडे वळली. सागांत नैसर्गिक तेल असतें. तो सहसा कुजत नाहीं, आणि ओकप्रमाणें आंतील लोखंडी खिळ्यांस खातही नाहीं.

रानांत हत्ती ओंडके ओढून नदीकांठीं आणीत, नदी ते समुद्रापर्यंत नेई आणि तेथून ते गलबतांनीं मुंबईस येत. मग खरें कसब सुरू होई. प्रथम कुऱ्हाडीनें ओंडका चौरस तासावयाचा, रंगांत बुडविलेली दोरी ताणून त्यावर सरळ रेघा उमटवावयाच्या, आणि नंतर तो खड्ड्यावर अथवा उंच घोडीवर चढवावयाचा. एक करवत्या वर उभा राही, दुसरा खालीं. वरचा रेघेवर नजर ठेवी. खालचा करवत ओढी तेव्हां तिचे दांत लांकडांत चालत, आणि सारा भुसा त्या खालच्याच्या डोळ्यांत व केसांत पडे. चीर मिटून करवत अडकूं नये म्हणून तींत पाचर ठोकीत. सागांत वाळूसारखें कठीण द्रव्य असल्यामुळें दांत लवकर बोथट होत, आणि कानस पुन्हां पुन्हां हातीं घ्यावी लागे. जहाजाच्या बांकदार फांसळ्यांसाठीं मुळांतच वांकलेलें झाड निवडीत. सरळ लांकडांतून बांक कापला तर तंतु तुटून तें दुबळें होतें. रेघ एकदां चुकली कीं शंभर वर्षांचें झाड वायां जाई.

इतक्या संथ हत्यारानें रानें संपणार नाहींत, असें आपणांस वाटेल. प्रत्यक्षांत तसें घडलें नाहीं. १८०६ मध्यें कंपनी सरकारनें कॅप्टन वॉटसन यांस मलबारच्या रानांवर संरक्षक नेमिलें. पण त्यांचें मुख्य लक्ष आरमारास लांकूड मिळवून देण्याकडे होतें. रानांचे मालक व व्यापारी गांजले, आणि १८२३ मध्यें तें पदच रद्द झालें. तोड मात्र थांबली नाहीं. अखेर १८४० नंतरच्या दशकांत मलबारचे कलेक्टर कॉनोली यांनीं चातु मेनन यांच्या साहाय्यानें निलांबूर येथें सागाची लागवड आरंभिली. आरंभीं बीं रुजेना; पुष्कळ खटपटीनंतर रोपें धरलीं. त्या लागवडींतील कांहीं वृक्ष निलांबूरला अद्याप उभे आहेत.

पुढें वाफेच्या यंत्रांनीं करवत्यांचें काम हिरावून घेतलें, आणि लोखंडी जहाजांनीं सागाच्या नौकांचें. यंत्राची करवत थकत नाहीं, तिच्या डोळ्यांत भुसाही जात नाहीं. म्हणून तिचा वेग आंवरण्याची जबाबदारी ती चालविणाऱ्यावर अधिक येते. हातांच्या करवतीपुढेंही रान मागें पडलें होतें, हें मलबारनें आपणांस दाखविलेंच आहे. आपल्या घरांतील जुन्या सागवानी दारावर हात ठेवाल, तेव्हां तें चिरणारे ते दोघे आठवावे, आणि त्याच्या जागीं कोणी रोप लावलें होतें काय, हाही प्रश्न मनांत यावा.