भंडाऱ्याची द्विसदस्य निवडणूक आणि आकड्यांची मांडणी

निवडणुकीचा निकाल वृत्तपत्रात छापला जातो तेव्हा ती बातमी असते. कालांतराने तोच इतिहासाचे साधन होतो. म्हणून आकडे जमविणाऱ्याने ते कोणत्या नियमाखाली पडले, याची नोंद त्यांच्याशेजारीच ठेवणे अगत्याचे होय. आजच्या गोंदिया जिल्ह्याचा पूर्वेतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. तत्पूर्वीचे जिल्हावार तक्ते भंडाऱ्याच्या नावाखाली पाहावे लागतात. त्यातही १९५६ पर्यंतचे मध्य प्रदेशाच्या आणि १९६० पर्यंतचे मुंबई राज्याच्या कागदपत्रांत.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा हा लोकसभेचा द्विसदस्य मतदारसंघ होता. त्यातील एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती. प्रत्येक मतदारास दोन मते होती, परंतु ती दोन्ही एकाच उमेदवारास देता येत नसत. अशा ठिकाणी मतांची बेरीज मतदारांच्या संख्येहून अधिक भरू शकते. ‘मते’ आणि ‘मतदार’ हे शब्द एकमेकांऐवजी वापरणाऱ्या वार्ताहराची टक्केवारी येथेच चुकते.

ही निवडणूक पुढे न्यायालयात गेली. निवडून आलेले चतुर्भुज जसानी हे मूळजी सिक्का या विडी-कंपनीचे भागीदार होते व कंपनीचा शासनाशी विड्या पुरविण्याचा करार होता. शिवाय महानुभाव पंथ स्वीकारलेल्या एका महार उमेदवाराचा राखीव जागेसाठीचा अर्ज फेटाळण्यात आला होता. पंथ स्वीकारल्याने त्याची जात सुटली नाही, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली संपूर्ण निवडणूक रद्द मानली. परिणामी पोटनिवडणुकीत दोन्ही जागा लढविल्या गेल्या.

त्या पोटनिवडणुकीत प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता आणि काँग्रेसचे भाऊराव बोरकर विजयी झाले. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. ते ‘तिसऱ्या क्रमांकावर’ राहिले, असा उल्लेख पुष्कळदा आढळतो. एका जागेच्या निवडणुकीची सवय झालेला वाचक त्यावरून असे समजतो की, राखीव जागेसाठी दोघे त्यांच्या पुढे होते. वस्तुतः हा क्रम दोन्ही जागांच्या एकत्र यादीतील असून राखीव जागेवर त्यांच्या वरचढ ठरले ते एकटे बोरकर. नियमाची नोंद गळाली की खरा आकडाही थोर पुरुषाच्या पराभवाचे विपरीत चित्र उभे करतो.

द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने संपले, परंतु प्रश्न संपला नाही. २००८ च्या पुनर्रचनेनुसार जिल्ह्यातील गोंदिया, तिरोडा व अर्जुनी-मोरगाव हे विधानसभा मतदारसंघ भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात असून आमगाव मात्र गडचिरोली-चिमूरमध्ये आहे. जिल्ह्याची बेरीज आणि लोकसभेची बेरीज म्हणूनच जुळत नाही. जुन्या-नव्या निकालांची तुलना करणाऱ्याने प्रथम सीमा, नंतर नियम आणि शेवटी आकडा पाहावा, हेच इष्ट.