वंशावळीत न दिसणारे पणजोबा

घरी कुलवृत्तान्त असेल तर तो उघडा. वर मूळ पुरुष, खाली मुलगे, नातू, पणतू. मुलीच्या नावापुढे सासरचे आडनाव, की रेघ संपली. सुनेपुढे कंसात माहेर, तेही सगळ्यांच्या नाही. या वृक्षात एक माणूस एकदाच येतो. नात्यांत मात्र तसे नसते.

आई-वडील दोन, त्यांचे आई-वडील चार, मग आठ. दहाव्या पिढीला १०२४, तिसाव्या पिढीला १०७ कोटींहून अधिक. पिढी पंचवीस वर्षांची धरली तर आपण ज्ञानेश्वरांच्या काळाजवळ पोचतो, आणि तेव्हा साऱ्या जगात इतकी माणसे नव्हती. अर्थात तीच माणसे पुन्हापुन्हा मोजली जातात.

इतके मागे जायलाही नको. राजाराम महाराजांच्या मातोश्री सोयराबाई या हंबीरराव मोहित्यांच्या भगिनी, आणि महाराणी ताराबाई या हंबीररावांच्या कन्या. म्हणजे ताराबाई राजारामांच्या मामेबहीण. त्यांचा पुत्र दुसरा शिवाजी १६९६ साली जन्मला. त्याच्या चार पणजोबांपैकी एक शहाजीराजे. पण वडिलांच्या आईचे वडील संभाजी मोहिते आणि आईच्या वडिलांचे वडीलही संभाजी मोहितेच. भोसल्यांच्या वंशावळीत हे दिसत नाही; मोहित्यांच्या वंशावळीत तर दुसऱ्या शिवाजीला जागाच नाही!

गोत्राचा निषेध इथे आड येत नाही, कारण गोत्र बापाकडून मोजतात. याज्ञवल्क्याने आईकडून पाच आणि बापाकडून सात पिढ्या वर्ज्य सांगितल्या, पण मामेबहिणीशी विवाह हा दक्षिणेचा आचार असल्याची नोंद बौधायनाने केलेली आहे. मराठ्यांत आणि देशस्थांत तो चालला, चित्पावनांनी टाळला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही रूढी असेल तिथे सवलत ठेवली.

पिलाजीराव, मल्हारराव, राणोजी यांच्या मागोमाग बडोदे, इंदूर, ग्वाल्हेरीस आलेल्या घरांना सोयरीक जुळवायला जवळपास मोजकीच मराठी घरे होती. माहिती असलेले घर म्हणजे मामाचे. उत्तरेकडच्या शेजाऱ्यांना याचे नवल वाटे, कारण त्यांच्यात मामाची मुलगी ही बहीणच. अडीचशे वर्षे, म्हणजे सुमारे दहा पिढ्या, हे असे चालले असेल तर १०२४ जागांवर वेगळी माणसे किती उरली असतील, याचा हिशेब कुलवृत्तान्त देत नाही.

तो श्राद्धात सापडतो. महालयात आणि तीर्थश्राद्धात आईच्या वडिलांचे, त्यांच्या वडिलांचे आणि आजोबांचे नाव उच्चारावे लागते. मातामह, प्रमातामह, वृद्धप्रमातामह. बायकांची माहेरे विसरणाऱ्या घरांतही या तीन नावांचा कागद भटजींसाठी जपलेला असे. वडिलांच्या हातचा तो कागद शोधा आणि आपल्या कागदाशेजारी ठेवा. त्यांचा मातामह आपल्याकडे प्रमातामह म्हणून आला असेल, तर आपली आई आपल्या वडिलांची मामेबहीण होती.