सिंगर भंगारात देण्याआधी एवढं वाचा

मंडळी, मोबाइलवर एक व्हिडिओ अधूनमधून फिरत असतो. जुन्या सिंगर मशीनमध्ये म्हणे कसला तरी मौल्यवान धातू असतो आणि तिचे लाखो रुपये येतात. मग कोणीतरी माळ्यावरची आजीची मशीन खाली काढतो, फोटो टाकतो आणि विचारतो, "भाऊ, हिचे किती येतीन?" लाख कोणी देत नाही. चार दिवस वाट पाहून तीच मशीन भंगारवाल्याच्या काट्यावर किलोनं जाते. अफवा खोटी असते, पण मशीन खरंच जाते. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधी अफवेचं बघू. २००९ साली सौदी अरेबियात हेच घडलं. सिंगरच्या सुईत 'लाल पारा' आहे आणि मोबाइल जवळ नेला की फोन बंद पडतो, असं पसरलं. लोकांनी एकेका मशीनला दोन लाख रियालपर्यंत भाव सांगितला. शेवटी पोलिसांना ही फसवणूक आहे असं सांगावं लागलं. लाल पारा नावाची चीजच नाही. मशीन बिडाची आणि पोलादाची आहे, आत दुसरं काही नाही.

आणि ती दुर्मिळही नाही. स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँक गावात सिंगरचा किलबोवी कारखाना १८८५ मध्ये पूर्ण झाला. त्या काळी शिलाई मशीनचा जगातला सर्वात मोठा कारखाना तो. एकट्या १९१३ सालात तिथून १३ लाखांच्या आसपास मशिनी बाहेर पडल्या. हजारो कामगार, कारखान्याचं स्वतःचं रेल्वे स्टेशन. कारखाना १९८० मध्ये बंद पडला, पण स्टेशनचं नाव आजही 'सिंगर'च आहे.

मग ती जपायची कशाला? त्यासाठी थोडं मागं जावं लागेल, आपल्याच जिल्ह्यात.

१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचं लक्ष वऱ्हाडाकडं वळलं. कापसाचे भाव आभाळाला भिडले. १८६७ मध्ये रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगावावरून नागपूरला पोचली. १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जलंब ते खामगाव फाट्याच्या उद्घाटनाला आले. अवघी १३ किलोमीटरची लाइन, आणि ती झाली कापसासाठी! खामगावची कापूसपेठ तेव्हा देशातल्या मोठ्या पेठांत मोजली जायची.

आपल्याकडून कापसाच्या गाठी गेल्या आणि परत काय आलं? गिरणीचं कापड. मेहकरच्या मोमीन विणकरांची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये सापडते. अशा हातमागावाल्यांना ते स्वस्त कापड किती जड गेलं असेल, हे वेगळं सांगायला नको. म्हणजे गिरणीच्या यंत्रानं आपल्याकडच्या कारागिराचं काम हिरावलं.

शिलाई मशीन मात्र वेगळी निघाली. तिचीही सुरुवात भांडणानंच झाली. फ्रान्समधल्या तिमोनिए नावाच्या शिंप्यानं १८३० मध्ये मशीनचं पेटंट घेतलं. सैनिकांचे गणवेश शिवायला पॅरिसमध्ये अशा ८० मशिनी लावल्या, तर पोट जाईल या भीतीनं शिंप्यांनीच त्या फोडल्या. पुढं १८५१ मध्ये अमेरिकेत आयझॅक सिंगरनं पेटंट घेतलं. पण त्याच्या कंपनीची खरी करामत मशीनपेक्षा विक्रीत होती. १८५६ पासून तिनं हप्त्यावर मशीन द्यायला सुरुवात केली. आज टीव्ही नि मोबाइल हप्त्यावर मिळतो ना, त्या धंद्यात ही कंपनी अगदी पहिल्यांपैकी एक.

हिंदुस्थानात हा कारभार बरीच वर्षं मुंबईच्या एका पारशी गृहस्थानं, नसरवानजी मेरवानजी पटेल यांनी सांभाळला. काम सोपं नव्हतं. विचार करा, धोतराला शिलाई नाही, लुगड्याला नाही, पटक्याला नाही. बंडी, चोळी, अंगरखा सोडला तर शिवायचं काय? पण हळूहळू सदरा, कोट, झंपर, शाळेचे कपडे आले आणि मशीन शिंप्याच्या ओसरीवर येऊन बसली. संत नामदेवांचा वारसा सांगणाऱ्या शिंपी समाजाच्या हातात सुईबरोबर चाक आलं. दुसरीकडं बायकांच्या हातातही आलं. १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानड्यांनी सेवासदन सुरू केलं. तिथल्या शिवणवर्गात शिकलेली बाई घरबसल्या चार पैसे मिळवू शकत होती.

यंत्रांना विरोध करणाऱ्या गांधीजींना १९२४ मध्ये विचारलं गेलं, तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का? त्यांनी अपवाद सांगितला तो सिंगरच्या शिलाई मशीनचा. कारण उघड आहे. ही मशीन माणसाला हटवत नाही, त्याच्या हाताला वेग देते. तिला वीज लागत नाही, मालक लागत नाही, कोपराएवढ्या जागेत मावते. पुढं देशी मशिनीही आल्या. १९३५ मध्ये कलकत्त्याला जय इंजिनिअरिंग वर्क्स निघाली आणि तिची 'उषा' घरोघरी गेली. मग लुधियानानं सिंगरच्या धर्तीवरच्या मशिनी देशभर पोचवल्या. आज गावातल्या टेलरकडं जी काळी मशीन दिसते, तिचा सांगाडा बहुतेक वेळा सिंगरच्या '१५' नंबरच्या मॉडेलवर बेतलेला असतो. म्हणूनच शंभर वर्षांच्या मशीनचेही बरेचसे सुटे भाग आजच्या दुकानात बसून जातात!

माझं म्हणणं एवढंच : गरिबाच्या घरात आलेलं आणि घराला कमवून देणारं हे पहिलं यंत्र. नापिकीच्या वर्षी, घरधनी गेल्यावर किती बायांनी या चाकावर पोरं शिकवली, त्याचा हिशेब कोणत्याच गॅझेटियरमध्ये नाही. तो त्या मशीनमध्येच आहे. झिजलेल्या पायडीत आणि उडालेल्या सोनेरी वेलबुट्टीत.

आता कामाचं बोलू.

नंबर बघा. मशीनच्या उजव्या बाजूला, खांबाच्या बुडाशी नंबर कोरलेला असतो. नुसते आकडे असतील तर ती १९०० च्या आधीची. पुढं इंग्रजी 'एफ' असेल तर साधारण १९१० च्या दशकातली, 'वाय' असेल तर १९२० ते १९३५ च्या दरम्यानची आणि 'ई'नं सुरू होणारी दोन अक्षरं असतील तर त्यानंतरची. ही तिन्ही अक्षरं किलबोवीची.

जाम असली तर जोर लावू नका. चाक हातानं हळूहळू पुढं-मागं करा. जिथं लोखंड लोखंडाला घासतं तिथं मशीनचं तेल सोडा, रात्रभर ठेवा, परत फिरवा. दोन-चार दिवस लागले तरी चालतील. जाम होण्याचं कारण बहुतेक वेळा गंज नसतोच, आपणच घातलेलं खोबरेल किंवा गोडं तेल वाळून चिकट झालेलं असतं. सोनेरी नक्षीवर थिनर, स्पिरिट लावू नका, तिच्यावरचं लाखेचं पॉलिश विरघळतं आणि नक्षीही निघून येते. मऊ फडकं आणि मशीनचं तेल पुरे. रंग मारून तर अजिबात 'नवी' करू नका. खाली गोल बॉबिनऐवजी होडीसारखं लांबट शटल असेल तर ते हरवू देऊ नका, ते मिळणं सोपं नाही.

शहरात या मशिनींचा उपयोग शोभेला होतोय. लोखंडी स्टँडचं टेबल करतात, वरची मशीन हॉटेलच्या काचेत ठेवतात. परदेशातल्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानसाखळीनं तर शेकडो जुन्या मशिनी खिडक्यांत रचून ठेवल्या. दिसायला छान आहे, पण चालती मशीन शोभेला बसवणं म्हणजे जुपायचा बैल दावणीला बांधून फक्त रंगवत बसणं.

शेवटी एक सार्वजनिक मुद्दा. जिल्हा परिषदांकडून महिलांना अनुदानावर शिलाई मशीन मिळते. पीएम विश्वकर्मा योजनेत (सप्टेंबर २०२३) शिंपी कारागिरांना साहित्यासाठी १५ हजारांपर्यंत मदत आहे. चांगलंच आहे. पण दिलेली मशीन दोन वर्षांनी बिघडली की कोण बघणार? दुरुस्ती करणारे जुने मिस्त्री थकलेत आणि त्यांच्या हाताखाली पोरं नाहीत. आयटीआयमध्ये शिवण शिकवतात, तिथंच मशीन दुरुस्तीचा महिनाभराचा वर्ग जोडला तर जुन्या मशिनी परत चालतील, नव्या जास्त टिकतील आणि दहा-वीस पोरा-पोरींना धंदा मिळेल. आपल्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी जरूर मनावर घ्यावी, यात कोट्यवधींचा खर्च नाही.

तुमच्या घरी अशी मशीन असेल तर एका वहीत चार ओळी लिहून ठेवा : नंबर काय, कोणी घेतली, कुठून आणली, कोणी चालवली. घरात सांगणारं म्हातारं माणूस आहे तोवरच. फोटो आणि तेवढी माहिती कमेंटमध्येही टाका, गावाचं नाव लिहायला विसरू नका. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, कुठल्या गावात कोणत्या काळातली मशीन पोचली याची यादी आपण सगळे मिळून करू. आणि किती येतीन हे विचारायच्या आधी दोन थेंब तेल टाकून चाक फिरवून बघा.