मातीचा गड आणि त्यावरील संसार

शिरूर आणि दौंड हे पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुके बहुतांशीं सपाटीचे आहेत. सह्याद्रीची मुख्य रांग तेथून दूर पश्चिमेस राहिली. शिवनेरी, लोहगड, राजगड, तोरणा हे सारे गड जिल्ह्याच्या त्या अंगाला. घोड आणि भीमा या नद्यांच्या कांठचा हा मुलूख ज्वारीचा, उसाचा आणि पाटाच्या पाण्याचा. तरी देखील आश्विन महिना सरत आला कीं, या सपाटीवर डोंगर उभे राहूं लागतात. मुलें दगडविटांचा ढीग रचतात, त्यावर जुनें पोतें अंथरून चिखलाचा लेप देतात, उतारावर अळीव किंवा मोहरी पेरतात, आणि तीन-चार दिवसांत त्या चिखलावर हिरवी लव दिसूं लागते. दिवाळीचा किल्ला तयार होतो. मग अंगणांत वाद सुरू होतो. या गडावर काय काय ठेवावयाचें?

हा वाद दिसतो तितका पोरकट नाहीं. लहानशा जगांत काय मांडलें आणि काय वगळलें यावरून तें जग मांडणारा आपलें मोठें जग कसें ओळखतो, तें कळून येतें. शिरूर तालुक्यांत तर अशा एका मांडणीचा पुरावा तीन हजारांहून अधिक वर्षें जमिनीखालीं पडून होता.

घोड नदीच्या कांठीं इनामगांव म्हणून एक गांव आहे. त्याच्या जवळील पांढरीच्या टेकाडांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें. डॉ. सांकळिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी हे या कार्याचे धुरीण होते. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत तेथें शेतकऱ्यांची वस्ती होती, असें या संशोधनांतून निष्पन्न झालें. ते लोक जव पिकवीत, गुरें पाळीत, कुडामातीच्या घरांत राहात, आणि तांबड्या अंगावर काळी नक्षी काढलेलीं सुरेख भांडीं वापरीत. पाणी वळविण्यासाठीं त्यांनीं केलेला पाट आणि बांध यांचाहि मागमूस तेथें लागला.

या वस्तींतील एका घराच्या जमिनीखालीं मातीचें एक लहान, अंडाकृति, झांकणाचें पात्र सांपडलें. तें इसवी सनापूर्वींच्या १४०० ते १००० या काळांतलें, म्हणजे ज्याला विद्वान आरंभीचा जोर्वे काळ म्हणतात त्यांतलें. पात्रांत शीर नसलेली एक स्त्रीमूर्ति होती. तिच्या संगतीस शीर असलेली दुसरी स्त्रीमूर्ति आणि एक बैल. शीर नसलेल्या मूर्तीच्या पोटाला भोंक आहे, आणि बैलाच्या पाठीवरहि भोंकें आहेत. मधून एक काडी घातली कीं, ती मूर्ति बैलावर बसते. म्हणजे घडविणाऱ्यानें मूर्ति आणि वाहन हीं दोन्ही एकमेकांसाठीं म्हणूनच घडविलीं, आणि त्यांना राहावयास एक पेटीहि केली. एका इवल्याशा देखाव्याचें सर्व सामान तेथें जुळवून ठेवलेलें होतें.

हें खेळणें म्हणावें कीं दैवत? संशोधकांनीं तिला देवी मानलें आहे, आणि त्यास सबळ कारण आहे. त्याच वस्तींत कुंभाराची भट्टी सांपडली आहे. भांडीं भाजण्याची विद्या त्या लोकांना उत्तम येत होती. असें असूनहि ही मूर्ति, हा बैल आणि ही पेटी कच्च्या मातीचीच राहिली. टिकावें म्हणून जें करावयाचें तें लोक भाजतात. एखाद्या विधीपुरतें हवें तें कच्चें ठेवतात. आजहि बैलपोळ्याचा मातीचा बैल कच्चाच असतो, आणि गणपतीची शाडूची मूर्ति पाण्यांत विरघळावी म्हणूनच ती भट्टींत जात नाहीं. इनामगांवची देवीहि अशाच एखाद्या नवसासाठीं घडविली असावी आणि कार्य झाल्यावर जमिनींत ठेवली असावी, असें अनुमान करणें वावगें होणार नाहीं.

त्याच घरांच्या जमिनींखालीं आणखी एक गोष्ट आढळली, आणि ती मन हेलावणारी आहे. तेथील लोक आपलीं मेलेलीं लहान मुलें घरांतच पुरीत. दोन मडकीं तोंडाला तोंड लावून आडवीं ठेवीत आणि त्यांत तें मूल निजवीत. शेजारीं वाट्या-भांडीं मांडीत. आईनें मुलाच्या बाजूस ठेवलेल्या त्या वाटीला पूजेचें साहित्य म्हणावें, संसाराचें भांडें म्हणावें कीं खेळ म्हणावा, याचा निवाडा कोणत्याहि पंडितास सहज करतां येणार नाहीं. लहान वस्तूंच्या इतिहासांत हीं तिन्ही नातीं एकमेकांत गुंतलेलीं आढळतात.

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील दायमाबाद येथें १९७४ सालीं सांपडलेल्या चार कांस्यमूर्ति हा याचाच दुसरा दाखला आहे. बैल जोडलेला आणि माणूस उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा त्या चार वस्तु. त्यांची घडण चाकांवर फिरणाऱ्या खेळगाड्यांसारखी आहे. परंतु चौघींचें मिळून वजन साठ किलोग्रॅमच्या वर भरतें! असलें खेळणें कोणतें मूल ओढील? त्यांच्या काळाविषयीं विद्वानांत मतभेद आहेत; मिरवणुकींत ओढण्यासाठीं त्या केल्या असाव्यात, असें पुष्कळांस वाटतें. रूप खेळण्याचें आणि काम उत्सवाचें, हा मेळ तेथेंहि दिसून येतो.

येथें एका मोहापासून दूर राहिलें पाहिजे. इनामगांवच्या पेटीपासून आजच्या दिवाळीच्या किल्ल्यापर्यंत एक अखंड परंपरा चालत आली, असें म्हणणें गोड वाटेल. परंतु त्याला पुरावा नाहीं. इसवी सनापूर्वीं ७०० च्या सुमारास इनामगांवची ती वस्ती उठली. मधल्या दीर्घ काळाचा धागा कोणाच्याहि हातीं नाहीं. साम्य आहे तें परंपरेचें नसून मनुष्यस्वभावाचें आहे, एवढेंच प्रामाणिकपणें म्हणतां येतें.

मराठी घरांत ही आवड निरनिराळ्या रूपांनीं नांदत आली आहे. चैत्रांत गौर झोपाळ्यांत बसते तेव्हां तिच्यापुढें पायऱ्यांची आरास करून खेळणीं मांडतात. भाद्रपदांतल्या गौरींपुढेंहि तसेंच. लग्नांत रुखवताच्या मेजावर इवलासा संसार सजतो. तामिळ प्रदेशांत नवरात्रांत पायऱ्यांवर बाहुल्या मांडण्याची चाल आहे. भोसल्यांच्या राज्यामुळें तंजावराकडे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांना ती चाल परकी वाटली नाहीं यांत नवल तें काय? आणि या सर्वांच्या मुळाशीं आहे ती भातुकली. चूल, तवा, पोळपाट-लाटणें, जातें, पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, घंगाळ, बंब, रवी, सूप, रोवळी! तांबटानें पितळेचें घडवावें, सुतारानें लांकडाचें कातावें, बुरडानें वेळूचें विणावें आणि कुंभारानें मातीचें करावें. सावंतवाडीच्या चितारआळीनें लांकडी खेळण्यांवर रंग चढवून हीच कला कोंकणांत नांवारूपास आणली.

या भातुकलीनें नकळत एक मोठें काम केलें आहे. जातें स्वयंपाकघरांतून गेलें, बंब न्हाणीघरांतून गेला, घंगाळ अडगळींत पडलें. परंतु मुलीच्या भातुकलींत तीं सर्व राहिलीं. ज्या मुलीनें खरें जातें कधीं ओढलें नाहीं, तिलाहि त्याचा खुंटा कोठें असतो हें त्या बोटभर जात्यावरून ठाऊक झालें. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत दिवे, अडकित्ते, दौती अशा घरगुती वस्तु इतिहासाची साधनें म्हणून जपल्या आहेत. दिनकर केळकरांनीं आयुष्यभर जमविलेला हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. घरोघरच्या भातुकलीच्या पेट्या हीं त्याच जातीचीं लहान संग्रहालयें होत.

आतां पुन्हां किल्ल्याकडे वळावें. बाजारांत मिळतात त्या चित्रांतील मुख्य मूर्ति सिंहासनावरील शिवछत्रपतींची. तिच्या खालोखाल मावळे, तोफा, घोडेस्वार, शेतकरी, गवळण आणि गुहेच्या तोंडाशीं बसविण्याचा वाघ. यांत प्रमाण पाहूं गेल्यास कशाचा कशास मेळ नाहीं. महाराज बुरुजाहून उंच आणि वाघ दरवाजाहून मोठा. याच्या उलट इंग्लंडच्या राणी मेरीसाठीं १९२४ सालीं पुरें झालेलें बाहुलीघर पाहावें. तें रचणारे एडविन लट्येन्स हे त्याच वर्षांत नवी दिल्लीहि उभारीत होते. त्या घरांत फुटास इंच हें प्रमाण सर्वत्र पाळलेलें आहे. विजेचे दिवे लागतात, नळांना पाणी येतें आणि ग्रंथालयांत अंगठ्याएवढीं पुस्तकें आहेत. तेथें कारागिराची मोजपट्टी चालते. मराठी अंगणांत मान पाहून उंची ठरते. ज्याचा मान मोठा त्याची मूर्ति मोठी, हा जुन्या चित्रकारांचाहि नियम होता. त्यांत मुलांची चूक कांहीं नाहीं.

मात्र उंचीच्या बाबतींत मोकळीक दिली, तरी गडावर काय हवें याबाबत एक जुना आणि अधिकारी सल्लागार उपलब्ध आहे. रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या आरंभीं सिद्ध झालें. त्यांत दुर्गांचें प्रकरण आहे. पंतांचा उपदेश असा कीं, गडावर आधीं पाणी पाहावें. एखादा झरा आहे म्हणून निश्चिंत राहूं नये. तळीं आणि टांकीं बांधून सांठा करावा. गडास एकच दरवाजा असणें हा मोठा दोष. दारूचें कोठार वस्तीच्या घरांपासून दूर असावें. झाडें लावावीं आणि तीं राखावीं. ज्या पंतांनीं स्वराज्याचे गड हातचे जातांना आणि परत मिळतांना पाहिले, त्यांच्या लेखणींतून हा उपदेश उतरला आहे.

ही यादी हातांत घेऊन अंगणांतल्या गडाकडे पाहिलें तर काय दिसतें? तोफा दहा असतात आणि टांकें एकहि नसतें. मावळे पन्नास, परंतु त्यांच्या पोटासाठीं अंबारखाना नाहीं. पाणी संपलेला गड तोफांनीं राखतां येत नाहीं, हें पंतांना पक्कें ठाऊक होतें. एखाद्या मुलानें नवी तोफ विकत आणण्याऐवजीं नारळाच्या करवंटीचें टांकें केलें, आगपेटीच्या खोक्याचें कोठार केलें आणि दुसरीकडे एक चोरदरवाजा ठेवला, तर त्याचा गड अधिक खरा होईल. त्याला खर्चहि कांहीं येणार नाहीं.

काळाच्या मेळाचाहि प्रश्न आहे. पूर्वीं सारीं चित्रें मातीचीं असत; पुढें प्लास्टर ऑफ पॅरिसचीं सांच्यांतून निघूं लागलीं, आणि आतां प्लास्टिकचींहि येतात. त्यांच्याबरोबर बंदूकधारी परदेशी सैनिक आणि रणगाडे गडावर चढले. कित्येक वडीलधाऱ्यांना हें खटकतें, आणि तें रास्तच आहे. महाराजांच्या शेजारीं रणगाडा उभा करणें म्हणजे मुलाच्या मनांत तीन शतकें एकमेकांत कालवून टाकणें होय. परंतु गडाच्या पायथ्याशीं मूल आगगाडी मांडतें तेव्हां वडिलांनीं जरा थांबावें. दौंड हें रेल्वेचें जंक्शन. मनमाडकडे जाणारा लोहमार्ग तेथून १८७८ सालीं सुरू झाला. त्या गांवच्या मुलानें गडाखालीं आपलें गांव मांडलें तर त्यांत आगगाडी यावयाचीच. गड हा इतिहास आणि पायथा हें आजचें गांव, एवढी सीमा त्यानें ओळखली म्हणजे पुरे. त्या सीमेच्या वरती रणगाडा नको. खालीं आगगाडी खुशाल असावी.

या मुलखाला इतिहास दूरचा नाहीं. दौंडजवळ भीमेच्या पलीकडल्या तीरावर पेडगांवचा बहादुरगड हा भुईकोट आहे. १६८९ सालीं संभाजी महाराजांना कैद करून तेथें आणलें होतें. त्यांची समाधि असलेलें वढू बुद्रुक हें गांव शिरूर तालुक्यांतच येतें. इतकें जवळ असतांहि येथील मुलें बहुधा भुईकोट करीत नाहींत. तीं डोंगरी गडच उभारतात, जो त्यांच्या क्षितिजावर दिसत नाहीं. १२ मराठा दुर्गांची युनेस्कोनें २०२५ सालीं जागतिक वारसा म्हणून नोंद केली. त्यांतील राजगड, शिवनेरी आणि लोहगड हे पुणें जिल्ह्यांतले. त्या नोंदीच्या कितीतरी आधीं मुलांनीं आपल्या अंगणांत त्यांची नोंद केलेली होती.

तुळशीचें लग्न होतें आणि किल्ल्याचे दिवस सरतात. अळीव पिवळें पडतें, तटाला भेगा जातात, आणि कोणी तरी बादलीभर पाणी ओतून तो गड पुन्हां माती करतो. चित्रें पुसून, जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळून, डब्यांत ठेवावयाचीं असतात. तें काम बहुधा आजीकडे येतें. हात मोडलेला मावळाहि ती टाकून देत नाहीं. पुढच्या वर्षीं तो बुरुजाआड उभा करतां येईल, असें म्हणते आणि डब्याचें झांकण लावते. इनामगांवच्या त्या घरांतहि कोणी तरी असेंच एक झांकण लावलें होतें.