कॅमेऱ्यामागचा माणूस

ही फीत आम्ही बनविलेली नाही, ती आम्हांस सापडली, अशा अर्थाची पाटी आरंभी दाखवून सुरू होणारे भयपट गेल्या पंचवीस-तीस वर्षांत इतके निघाले की त्यांची एक निराळी जातच झाली आहे. इंग्रजीत त्यांना ‘फाउंड फूटेज’ म्हणतात; आपण सापडलेल्या फितीचे चित्रपट म्हणू. 1999 साली अमेरिकेत ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ गाजला तेव्हा ही जात सर्वांच्या तोंडी झाली. मेरीलँडच्या रानात तीन विद्यार्थी नाहीसे होतात आणि वर्षाने त्यांनी घेतलेले चित्रण हाती लागते, अशी ती बतावणी.

युक्ती तशी जुनी. पूर्वीच्या कादंबरीकारांना अडगळीत हस्तलिखिते सापडत असत. ब्रॅम स्टोकरची 1897 सालची ‘ड्रॅक्युला’ हीदेखील रोजनिशा, पत्रे आणि तारा यांची चळतच आहे. पण श्रोतेहो, हस्तलिखितात आणि फितीत एक मोठा फरक आहे. रोजनिशी घटना होऊन गेल्यावर, दिव्याजवळ बसून लिहिता येते. फीत मात्र घटना चालू असतानाच घ्यावी लागते. म्हणजे माणूस मरत होता त्या वेळी तेथे दुसरा एक माणूस हातांत यंत्र धरून उभा होता. तो तेथे काय करीत होता?

भुताखेतांच्या चित्रपटांत या प्रश्नाची टोचणी फारशी लागत नाही, कारण कॅमेरेवाला स्वतःच भ्यालेला असतो. ती लागते खुन्यांच्या चित्रपटांत. इतिहास पाहू जाता आरंभ 1960 साली इंग्लंडात सापडतो. मायकेल पॉवेल या नामांकित दिग्दर्शकाने ‘पीपिंग टॉम’ काढला. त्यातील मार्क हा स्टुडिओतला कॅमेरा-मदतनीस, आपल्यासारखाच पगारी माणूस. कॅमेऱ्याच्या तिवईच्या एका पायात त्याने पाते दडविले आहे. तो बायकांना मारतो आणि त्यांची भीती चित्रित करतो. पहिला खून आपण त्याच्याच कॅमेऱ्याच्या भिंगातून पाहतो. लगेच तो घरी अंधारात बसून तेच चित्र पडद्यावर लावतो. आपणही अंधारातच बसलेले असतो! लंडनचे टीकाकार संतापले. मजूर पक्षाच्या डाव्या गोटातील ‘ट्रिब्यून’ साप्ताहिकानेसुद्धा हा चित्रपट गटारात लोटावा, इथवर मजल नेली. पॉवेलची इंग्लंडातील कारकीर्द जवळजवळ आटोपली. मला वाटते, त्यांना रक्ताचा राग आला नव्हता, खुर्चीचा आला होता.

1980 साली इटलीच्या रुज्जेरो देओदातो याने ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ काढला. तेथे रानात मेलेल्या चित्रण-पथकाची फीत सापडते. नटांनी वर्षभर लोकांत तोंड दाखवू नये असे करारात लिहून घेतले होते. मिलानमध्ये चित्रपट जप्त झाला, नट खरोखरच मारले की काय असा संशय आला आणि शेवटी ते जिवंत असल्याचे दाखवावे लागले. जनावरे मात्र खरोखरच मारली होती. त्यावर अधिक बोलण्याची माझी इच्छा नाही.

जॉन मॅकनॉटनचा ‘हेन्री’ 1986 साली शिकागोत तयार झाला, पण तो चित्रगृहांत यावयास 1990 उजाडले. खर्च सुमारे 1 लाख 10 हजार डॉलर, म्हणजे तेथील हिशेबाने चणे-फुटाणे. हेन्री आणि ऑटिस हे दोघे खुनी एक व्हिडिओ-कॅमेरा हाती पडताच एका कुटुंबाच्या घरात शिरतात. पुढचे सारे आपण हलत्या, धुरकट फितीवर पाहतो. मग कळते की ते दोघे कोचावर बसून तीच फीत पाहत आहेत, आणि ऑटिसला ती पुन्हा पाहावयाची आहे. ब्रिटनमध्ये 1993 साली व्हिडिओसाठी परवानगी देताना सेन्सॉर मंडळाचे प्रमुख जेम्स फर्मन यांनी येथे नुसती कात्री लावली नाही. कोचावरचे ते दोघे त्यांनी दृश्याच्या मध्येच आणून बसविले! म्हणजे आपण खुन्यांच्या शेजारी बसलो होतो हे प्रेक्षकाला शेवटी एकदम कळून जो धक्का बसावयाचा, तोच काढून घेतला. चित्रपटाचे मर्म सेन्सॉरइतके कोणाला कळले नसेल. पुढे 2003 साली मूळ प्रत मंजूर झाली.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला त्या चित्रपटाकडे येतो. 1992 साली बेल्जममधल्या रेमी बेलवो, आंद्रे बोंझेल आणि बनुआ पोलवूर्द या तीन तरुणांनी कृष्णधवल चित्रपट केला. त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ ‘हे तुमच्या घराजवळच घडले’. इंग्रजीत त्याला ‘मॅन बाइट्स डॉग’ म्हणतात. बेन नावाचा गप्पिष्ट खुनी आणि त्याच्यावर माहितीपट काढणारे लहानसे पथक. बेनचा दंडक असा की महिन्याच्या आरंभी पोस्टमन मारावा, म्हणजे पेन्शन कोणकोणाकडे जाते ते कळते. हृदयविकाराच्या म्हातारीवर तो नुसता ओरडतो. तेवढीच गोळी वाचली! पोस्टमन, पेन्शनर, रात्रीचा पहारेकरी अशी त्याची गिऱ्हाइके आहेत. श्रीमंतांच्या वाटेला तो जात नाही, कारण तेथे बोभाटा होतो.

मी चित्रपटांचा टीकाकार नव्हे. माझी शाळा लवकर सुटली, पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. म्हणून मला हा चित्रपट एका कामाच्या जागेचा वाटला. पथक आधी दुरून चित्रण करते. मग पैसे संपतात आणि बेन लुटीतून खर्च देऊ लागतो. मग ते प्रेत उचलावयास हात लावतात. मग कोणाला धरून ठेवतात. शेवटी एका घरात शिरून बलात्कारात आणि खुनात सामील होतात. तेथे प्रेक्षागृहातील हसू थांबते. कोणत्याही एका दिवशी त्यांनी खुनी व्हावयाचे ठरविले नव्हते. मध्यंतरी त्यांचा ध्वनिमुद्रक मरतो. दिग्दर्शक कॅमेऱ्यासमोर गंभीर होऊन सांगतो की हा धंद्यातला धोका आहे. दुसरा ध्वनिमुद्रक मरतो. भाषण जवळजवळ तेच! हे वाक्य मी एका गिरणीच्या व्यवस्थापकाच्या तोंडून, साचाखात्यातील दोन अपघातांनंतर, दोन्ही वेळा ऐकले आहे. त्यामुळे मला हसू आले नाही.

अशा चित्रपटांवर लिहिणारे बहुधा म्हणतात की जो पाहतो तो अपराधी. 2003 सालच्या ‘द लास्ट हॉरर मूव्ही’त तर लग्नाची चित्रणे करणारा खुनी प्रेक्षकालाच विचारतो की अजून का पाहतोस. मला हे पटत नाही. पाहणे हाच गुन्हा असता तर 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याखालची माझी निम्मी प्रकरणे उभीच राहिली नसती. ती उभी राहिली ती नोकरी धोक्यात घालून ‘मी पाहिले’ म्हणणाऱ्या साचेवाल्यामुळे. त्याने आणि बेनच्या कॅमेरेवाल्याने पाहण्याचे काम सारखेच केले. फरक असा की एकाने पाहिलेले घेऊन तो न्यायालयात गेला. दुसऱ्याने खुन्याकडून फितीचे पैसे घेतले.

बेलवोच्या मंडळींनाही हे उमगले असावे. चित्रपटात एका ओसाड इमारतीत त्यांना दुसऱ्याच एका खुन्यावर चित्रण करणारे दुसरे पथक भेटते. त्यांच्याकडे स्वस्त व्हिडिओ-कॅमेरा आहे, आपल्यांकडे फिल्म. आपले पथक बेनबरोबर आळीपाळीने त्यांच्यावर गोळ्या झाडते. दोन पथकांनी मिळून बेनला अडविण्याचा विचार कोणाच्याच मनात येत नाही.

अखेरीस कोणा अदृश्य माणसाच्या गोळ्यांनी बेन पडतो, दिग्दर्शक पडतो, कॅमेरेवालाही पडतो. कॅमेरा जमिनीवर आडवा होतो, आणि त्यात फिल्म उरली आहे तोवर तो चालूच राहतो.